ताई, त्या अळ्या फेकू नका

ताई, ओल्या कचऱ्याच्या खताच्या डब्यात अळ्या दिसल्या, वास येतो, म्हणून तो रिकामा करायला निघाला असाल, तर आधी एक अळी नीट बघा. चपटी, वळ्यावळ्यांची, मळकट तपकिरी, बोटाच्या पेराएवढी? मग ती ब्लॅक सोल्जर माशीची. घरमाशीची अळी पांढरट, गुळगुळीत, तोंडाकडे निमुळती असते.

ही मोठी माशी दिसली की लोक गांधीलमाशी समजून चप्पल उचलतात, त्याचं मला फार वाईट वाटतं. रंग काळा, लांबी दीड-दोन सेंटिमीटर, पायांची टोकं पांढरी, पोटाच्या सुरुवातीला दोन पारदर्शक खिडक्या. नांगी नाही, चावतही नाही. गांधीलमाशीला पंख 4, हिला 2 च. मोठी झाल्यावर ती अन्नासाठी फिरत नाही, म्हणून घरमाशीसारखी ताटावर घोंगावत नाही.

मादी सुमारे 500 अंडी घालते, पण कचऱ्यात नाही, जवळच्या कोरड्या फटीत. झाकणाची कड तपासा. चारेक दिवसांत अळ्या निघतात आणि दोन-तीन आठवडे नुसता डब्यातला कचरा खात सुटतात, म्हणून तर फेकू नका म्हणते. मग काळपट होऊन कोरडी जागा शोधत बाहेर येतात. सकाळी गॅलरीत सापडतात त्या याच. कुंडीतल्या मातीत सोडा, तिथे कोष होऊन साधारण दोन आठवड्यांत माशी बाहेर पडते.

वासाचं म्हणाल तर तो ओलाव्याचा. ठाण्याच्या पावसात आमच्या घोडबंदरच्या गॅलरीतला डबाही चिकचिकीत होतो. मूठ-दोन मुठी कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) किंवा सुकी पानं मिसळा, आणि उरलेला भात एकदम ओतू नका.