टेलोमिअरच्या लांबीवरून लिव्हर कॅन्सरमध्ये पुढचा अंदाज येतो का?

बाबांना लिव्हर कॅन्सर आहे, टेलोमिअरची टेस्ट केली तर किती काळ हातात आहे ते कळेल का, असं तुम्ही कणकवलीहून विचारलंय. एकेका रुग्णापुरतं तसं सांगता येत नाही. त्या टेस्टवर पैसे घालू नका.

टेलोमिअर म्हणजे गुणसूत्राचं टोक. पेशी विभागली की ते थोडं झिजतं. सिरॉसिसमध्ये, म्हणजे लिव्हरवर कायमचे व्रण पडून ते कडक होतं तेव्हा, लिव्हरच्या पेशी सतत मरतात नि नव्या होतात, म्हणून ते फारच आखूड होतं आणि गुणसूत्रं बिघडू लागतात. खरी मेख पुढे आहे: कॅन्सरची पेशी टेलोमरेज हे टोकं पुन्हा वाढवणारं एन्झाइम चालू करून तीच टोकं सांभाळते. त्यामुळे रक्तातल्या पेशींमधली टेलोमिअरची लांबी आणि गाठीतली लांबी यांचा अर्थ एक नाही, अभ्यासांचे निष्कर्षही जुळत नाहीत.

तुतारी एक्स्प्रेसने मुंबईला दाखवायला जाल तेव्हा लिव्हर कसं चाललंय ते दाखवणारे बिलिरुबिन, अल्ब्युमिन, आयएनआर (रक्त गोठण्याची तपासणी) आणि सीटीचा रिपोर्ट फाइलमध्ये सगळ्यात वर ठेवा. गाठी किती, केवढ्या, पोर्टल व्हेनमध्ये (लिव्हरला रक्त आणणाऱ्या मोठ्या शिरेत) शिरल्यात का, पोटात पाणी आहे का, बाबा स्वतः हिंडतात-फिरतात का, यावर उपचार ठरतात.

आणि बाबांच्या कॅन्सरचं कारण हेपॅटायटिस बी असेल तर तुम्हा भावंडांची रक्ततपासणी लगेच करून घ्या.