तिसरं पाणी

प्रिय पोरी,

तुझा व्हिडिओ तीनदा पाहिला. सुरुवातीची चार मिनिटं ड्रोन कोळशाच्या खाणीवर फिरतो. चित्रण देखणं आहे, आणि तेच मला खटकलं. एवढ्या उंचीवरून खुली खाण बारवेसारखी दिसते, पायऱ्यापायऱ्यांची, शांत. डंपर मुंगीएवढा. तो तुझे बाबा चालवतायत हे मला तुझ्या पत्रातून कळलं, पडद्यावरून नाही. हल्ली खाणीची मोजणीही ड्रोननंच करतात. किती माती उपसली ते त्या नजरेला कळतं, कुणी उपसली ते नाही.

पण सातव्या मिनिटाला तुझी आई बाबांचे कामाच्या पाळीवरचे कपडे धुते. जेमतेम अकरा सेकंद. पहिलं पाणी काळंभोर, दुसरं राखाडी, तिसऱ्या पाण्यातही बादलीच्या तळाशी काळा गाळ. ती शर्ट पिळते, झटकते, आणि तू कट करतेस. का गं? तिथंच थांबायचं होतंस. तुझी फिल्म त्या मोरीत आहे.

त्या बादलीतलं पाणी येतं कुठून, एवढाच प्रश्न घेऊन पुढचे सहा महिने काढ. खुली खाण भूजलाच्या पातळीखाली गेली की आत पाणी झिरपत राहतं. काम चालू ठेवायचं तर ते सतत पंपानं उपसावं लागतं, आणि मग आसपासच्या विहिरींचं पाणी खोल जातं. घरची विहीर आटल्याचं तू पत्रात एका ओळीत उरकलंस. तिच्या काठावर जाऊन बस. कोणत्या साली किती परस पाणी होतं, दोर कधी वाढवावा लागला, हे गावातल्या म्हाताऱ्यांना विचार आणि त्यांच्या आवाजात नोंदवून घे. बाबांच्या शर्टावरची धूळ आणि विहिरीतून गेलेलं पाणी, दोन्ही आईच्याच हाताला लागतं.

चित्रकार प्रभाकर पाचपुते तुझ्याच चंद्रपूर जिल्ह्यातले. १९८६ चा जन्म, गाव राजुऱ्याजवळचं सास्ती, घरच्या पिढ्या खाणीत राबलेल्या. खैरागड आणि बडोद्याला शिल्पकला शिकून त्यांनी हातात धरला तो लोणारी कोळसा. त्यांनी अख्ख्या भिंती कोळशानं रेखाटल्या, रेखाटनं चौकटीचौकटीनं हलती केली. त्यांच्या माणसांच्या धडावर डोक्याच्या जागी कधी दिवा असतो, कधी अवजार. शैली उचलू नकोस. मला एवढंच सांगायचंय, की त्यांचं साधन घरच्या कामाच्या किती जवळचं होतं ते बघ.

आता आवाज. तू डंपरचा आवाज काढून बासरी घातलीस. हीच चूक मी केली होती, आणि ती मला आजही बोचते. ऐन तिशीत एका खडीक्रशरवर आठ दिवस चित्रण केलं. क्रशरची घरघर नकोशी वाटली, म्हणून तानपुरा लावला. तिथल्याच बायकांना फिल्म दाखवली तेव्हा घमेलं वाहणारी एक बाई म्हणाली, ‘आवाज कुठं गेला? आम्हाला तर घरी निजल्यावरबी ऐकू येतो.’ मी गप्प झालो. पुढं ब्रिटिश कलावंत स्टीव्ह मॅक्वीन यांची २००२ सालची ‘वेस्टर्न डीप’ ही फिल्म पाहिली. दक्षिण आफ्रिकेतल्या अतिखोल सोन्याच्या खाणीत लिफ्टचा पाळणा उतरतो, पडदा जवळजवळ काळा, आणि कानावर नुसता लोखंडाचा खडखडाट. काही दिसायच्या आधी ती खाण अंगात शिरते. मूळ आवाज परत लाव. धुण्याचा आवाजही, बादलीची कडी वाजते ना, तीसुद्धा.

बाबा कंत्राटी आहेत, हे विसरू नकोस. चेहरा दाखवून त्यांची रोजी जाणार असेल तर मान दाखव, हात दाखव. हा निर्णय त्यांचा, तुझा नव्हे. ते नको म्हणाले तर कितीही चांगला शॉट असो, काढून टाक.

आणि फिल्म मुंबईच्या गॅलरीत लावायची घाई नको. मुंबईच्या कलावंत नवज्योत अल्ताफ यांनी छत्तीसगडच्या बस्तरमध्ये, कोंडागावला वर्षानुवर्षं काम केलं. तिथल्या आदिवासी कलावंतांबरोबर त्यांनी हातपंपाभोवतीच्या जागा घडवल्या. भरलेलं भांडं डोक्यावर घेण्याआधी टेकवायला उंचीवर आधार केला, म्हणजे बाईला कमरेत कमी वाकावं लागेल. बाई पाणी कसं उचलते हे इतक्या बारकाईनं पाहणं, याला मी कला म्हणतो. तूही पहिला खेळ आपल्या गल्लीतच कर, पाळी सुटल्यावर. शेजारणी कुठं हसतात, कुठं उठून जातात ते लिहून ठेव आणि मला कळव.

ड्रोनचं भाडं वाचेल, त्यातून एक बरा मायक्रोफोन घे.

आणखी एक विचारायचं राहिलं. ते तिसरं पाणी आई गटारात ओतते, की परसातल्या झाडांना घालते? तुझ्या कटमुळे मला ते दिसलं नाही. पुढच्या वेळी तेवढं दाखव.

तुझा,
सर