कमी खर्चात बनलेला, मनाला भिडणारा तमिळ प्रेमपट कोणता? आणि तो बनला कसा?

'कादल' (2004) नक्की बघा. मदुराईतला टू-व्हीलर मेकॅनिक मुरुगन आणि श्रीमंत घरातली शाळकरी ऐश्वर्या चेन्नईला पळून जातात. पुढे त्यांच्या प्रेमाला जात आडवी येते. दिग्दर्शक बालाजी शक्तिवेल यांना ही गोष्ट प्रवासात भेटलेल्या एका माणसाकडून कळली, म्हणजे मुळाशी खरी घटना आहे. निर्माते शंकर, तेच भव्य सिनेमेवाले! मोठा स्टार एकही नाही. नायक भरत तसा नवाच, नायिका संध्याचा तर पहिलाच सिनेमा. विजय मिल्टन यांच्या कॅमेऱ्यात मदुराईच्या गल्ल्या, गॅरेजमधलं ग्रीस, चेन्नईतल्या मॅन्शनमधल्या (म्हणजे स्वस्त लॉजमधल्या) बॅचलरांच्या खोल्या जशाच्या तशा उतरल्यात. मला हाच मॅन्शनचा भाग सगळ्यात आवडतो: राहायला जागा नाही, खिशात पैसे नाहीत, तरी मित्र पाठीशी उभा राहतो. शेवट मात्र फार जड जातो, मनाची तयारी करून बसा.