राउटर तुमचा, पण जुन्या राउटरची पोच कुठे आहे?

राजारामपुरीतल्या एका वाचकांचं पत्र आलं आहे. थोड्याफार फरकानं अशीच पत्रं शाहूपुरीतून, कसबा बावड्यातून आणि इचलकरंजीहूनही येत असतात, म्हणून उत्तर इथेच देतो.

हकीकत थोडक्यात अशी. जूनमध्ये त्यांनी वर्षाचे 9,912 रुपये आणि 1,500 रुपये डिपॉझिट भरून घरी फायबरचं कनेक्शन घेतलं. कंपनीच्या राउटरचं वायफाय मागच्या खोलीपर्यंत पोचत नव्हतं, म्हणून दिवाळीनंतर त्यांनी स्वतःचा राउटर विकत आणला. कंपनीला फोन केला, माणूस आला, त्यानं नवा राउटर जोडून दिला आणि जुना ‘ऑफिसला जमा करतो’ म्हणून पिशवीत घालून घेऊन गेला. फेब्रुवारीच्या सुरुवातीला नेट बंद पडलं. आता कंपनी म्हणते की सेवा फक्त आमच्याच राउटरवर मिळेल, आमचा राउटर अजून तुमच्याकडेच आहे, तो आणून द्या नाहीतर 3,500 रुपये भरा. वाचकांचा प्रश्न एका ओळीचा आहे: स्वतःचा राउटर वापरणं हा माझा कायदेशीर हक्क आहे की नाही?

साहेब, हा प्रश्न महत्त्वाचा आहे, पण तुमचं प्रकरण त्याच्यावर ठरणार नाही. ते ठरणार आहे तुम्ही सही केलेल्या फॉर्मच्या मागच्या बाजूला असलेल्या उपकरणांच्या कलमावर. त्याचा फोटो तुम्ही पाठवला आहे, पण त्यात काय लिहिलंय याबद्दल पत्रात एक शब्दही नाही. म्हणजे सही करताना ते वाचलं नव्हतं आणि आता भांडण झाल्यावरही वाचलेलं नाही. मला याचं वाईट वाटतं, कारण त्या चार ओळींत तुमचा सगळा दावा आहे. राउटर कंपनीच्या मालकीचा आहे, तुम्हाला तो फक्त वापरायला दिला आहे, आणि परत करताना कंपनीच्या अधिकृत प्रतिनिधीकडे किंवा कार्यालयात देऊन पोच घ्यायची आहे. तसं झालं नाही तर किंमत वसूल केली जाईल. ‘फ्री राउटर’ असं जाहिरातीत असलं तरी या कलमामुळे तो तुमचा झालाच नाही. भारतीय करार कायदा 1872 मध्ये याला निक्षेप म्हणतात. दुसऱ्याची वस्तू ठरलेल्या कामासाठी आपल्या ताब्यात येते आणि काम संपलं की परत द्यावी लागते. वेळेत परत दिली नाही, तर नुकसानीची जबाबदारी ताबा असणाऱ्यावर येते.

तेव्हा खरा प्रश्न असा: जुना राउटर परत दिला, हे तुम्ही कशावरून सिद्ध करणार? पावती घेतली नाही, राउटरमागच्या लेबलचा फोटो काढला नाही, मेल केला नाही. एक हजाराची मोटार दुरुस्तीला टाकली तरी उद्यमनगरात आपण चिठ्ठी घेतल्याशिवाय हलत नाही. इथं दुसऱ्याची वस्तू नुसत्या शब्दावर देऊन टाकली.

आता तुमच्या पत्रातल्या एका वाक्याकडे वळतो, जे तुम्ही वैतागून लिहिलं आहे: ‘वर त्यानं सेटिंगचे म्हणून तीनशे रुपयेही घेतले, गूगल पेवर.’ तुम्हाला ही लूट वाटते. मला हा तुमच्या बाजूचा सगळ्यात भक्कम कागद वाटतो. त्या व्यवहारावर तारीख आहे, वेळ आहे आणि घेणाऱ्याची ओळख आहे. माणूस येण्याआधी कंपनीकडून तंत्रज्ञाचं नाव आणि मोबाइल नंबर कळवणारा मेसेज आला होता, असंही तुम्ही लिहिलंय. ज्या नंबरवर पैसे गेले तोच नंबर त्या मेसेजमध्ये असेल, तर त्या दिवशी तुमच्या घरी आलेला माणूस कंपनीनंच पाठवला होता, हे कंपनीला नाकारता येणं अवघड आहे. तो मेसेज मोबाइलमधून उडवलेला नसावा एवढीच माझी इच्छा आहे. आधी ते तपासा.

कंपनी पुढे म्हणेल की तो कंत्राटदाराचा मुलगा होता, राउटर परत घ्यायचा अधिकार त्याला नव्हता. याला उत्तर करार कायद्याच्या कलम 237 मध्ये आहे. प्रतिनिधीनं अधिकाराबाहेर काही केलं, पण त्याला तो अधिकार आहे असा समज मालकाच्या वागण्यातून समोरच्याचा झाला असेल, तर मालक बांधील राहतो. तक्रार कंपनीकडे केली, माणूस कंपनीनं पाठवला, त्यानं कंपनीच्या वतीनं काम केलं. सामान्य ग्राहकानं यापुढे त्याचं अधिकारपत्र मागायला हवं होतं, असं कुठलाही ग्राहक आयोग सहजासहजी म्हणणार नाही. मात्र ‘तो माणूस आला’ आणि ‘तो राउटर घेऊन गेला’ या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. पहिली यूपीआयवरून सिद्ध होते. दुसरीसाठी तुमचं प्रतिज्ञापत्र, घरातल्या दुसऱ्या कुणाचं प्रतिज्ञापत्र, आणि त्यानंतर त्याच्याशी व्हॉट्सअॅपवर काही बोलणं झालं असेल तर ते लागेल. अपार्टमेंटच्या कॅमेऱ्याचं चित्रण एव्हाना पुसलं गेलं असणार. नोव्हेंबरातच मागितलं असतं तर कदाचित मिळालं असतं. मोबाइलमधले मेसेज पुरावा म्हणून देताना भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे प्रमाणपत्र जोडावं लागतं. ग्राहक आयोगासमोर यात थोडी ढिलाई असते, तरी जोडाच.

3,500 रुपयांच्या मागणीबद्दल घाबरू नका. फॉर्मवर आकडा छापलाय म्हणून तो आपोआप देणं लागतो असं नाही. करार कायद्याच्या कलम 74 प्रमाणे करारात नमूद केलेली रक्कम ही कमाल मर्यादा आहे. मिळते ती वाजवी भरपाई. वापरलेल्या राउटरची वाजवी किंमत किती, हे सांगायची वेळ कंपनीवर आणा. दरम्यान वसुलीवाले फोन करतील, व्हॉट्सअॅपवर ‘लीगल नोटीस’ पाठवतील. ती जपून ठेवा आणि उत्तर लेखी द्या. मुलांच्या परीक्षेमुळे नेट लगेच हवं असेल आणि पैसे भरणं भागच असेल, तर भरण्याआधी मेल करा की ही रक्कम मी निषेध नोंदवून आणि माझे हक्क राखून भरत आहे. गुपचूप भरलीत, तर पुढे तीच तुमची कबुली म्हणून दाखवली जाईल.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे. जर्मनीत 1 ऑगस्ट 2016 पासून ग्राहकाला स्वतःचं उपकरण लावण्याचा हक्क कायद्यानंच आहे, आणि जोडणीची माहिती न मागता देणं कंपनीवर बंधनकारक आहे. आपल्याकडे मी ग्राहक संरक्षण कायदा 2019 मधल्या ‘निर्बंधात्मक व्यापार प्रथे’च्या व्याख्येतून वाट काढेन. एक सेवा हवी असेल तर दुसरी वस्तू आमच्याकडूनच विकत किंवा भाड्यानं घ्या, ही सक्ती त्या व्याख्येत बसते. तुमच्या बिलावर राउटरचं भाडं वेगळं लावलेलं असेल तर हा मुद्दा चांगला उभा राहतो. भाडं नसेल तर कंपनी म्हणेल, आम्ही फुकट देतोय, सक्ती कसली? तिथं निकाल कुठल्याही बाजूला जाऊ शकतो. म्हणून या एका मुद्द्यावर दावा टांगू नका.

शिवाय ‘स्वतःचा राउटर’ म्हणजे नक्की काय मागताय, हे कागदावर नेमकं हवं. भिंतीवरचा छोटा डबा, ज्यात फायबर येऊन संपते, तो ओएनटी. त्याची ओळख त्याच्या सिरियल नंबरवरून कंपनीच्या यंत्रणेत नोंदलेली असते, आणि तो कंपनीचाच राहू दे. तुम्हाला हवं आहे ते त्याच्या पुढचं: ओएनटी ब्रिज मोडवर ठेवणं (म्हणजे तो नेट फक्त पुढे देईल, बाकीचं काम तुमचा राउटर करेल), तुमच्या राउटरमध्ये घालायचा पीपीपीओई (म्हणजे नेटच्या लॉगिनचा) यूजरनेम आणि पासवर्ड, व्हीलॅन (एकाच तारेवरची वेगळी आखलेली वाट) वापरत असतील तर त्याचा क्रमांक, आणि कनेक्शन एखाद्या मॅक अॅड्रेसला, म्हणजे उपकरणाच्या ओळख क्रमांकाला, बांधलेलं असेल तर तिथं तुमच्या राउटरच्या पत्त्याची नोंद. नोव्हेंबर ते जानेवारी तुमच्या राउटरवर नेट विनातक्रार चाललं आणि फेब्रुवारीत एकाएकी बंद पडलं. यावरून तांत्रिक अडचण नव्हती, कंपनीच्या बाजूनं काहीतरी बदललं गेलं, असं म्हणायला जागा आहे. ‘तुमचा राउटर सपोर्ट होत नाही’ या उत्तरावर हाच प्रश्न लेखी विचारा: मग तीन महिने कसा झाला?

भाच्यानं कुठूनतरी ओएनटीचा अॅडमिन पासवर्ड शोधून काढलाय असं तुम्ही अभिमानानं लिहिलंय. तो वापरू नका. वस्तू कंपनीची आहे आणि परवानगीशिवाय तिच्यात शिरणं माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 43 मध्ये येऊ शकतं. तुम्ही तक्रारदार आहात, तिथून आरोपीच्या जागी जायची हौस कशाला?

पुढचं काम क्रमानं. तुम्ही फोनवर पाच-सहा वेळा तक्रार केली म्हणता, पण एकाही तक्रारीचा डॉकेट नंबर, म्हणजे नोंदणी क्रमांक, लिहून ठेवला नाही. कायद्याच्या दृष्टीनं तक्रार झालीच नाही म्हणा ना! ट्रायच्या, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या, 2012 च्या तक्रार निवारण विनियमांत दोन पायऱ्या आहेत. आधी तक्रार केंद्र, तिथं डॉकेट नंबर मिळालाच पाहिजे. उत्तर समाधानकारक नसेल किंवा मुदतीत आलंच नाही, तर 30 दिवसांच्या आत कंपनीच्याच अपील प्राधिकाऱ्याकडे अपील, ज्याचा निकाल 39 दिवसांत लागायला हवा. फी नाही. ट्राय स्वतः एकेकट्या ग्राहकाची तक्रार सोडवत नाही, त्यामुळे तिकडे थेट अर्ज करून महिना घालवू नका. मेलचा मजकूर साधा ठेवा:

‘माझे कनेक्शन अमुक क्रमांकाचे असून वर्षाचे शुल्क भरलेले आहे. आपण पाठवलेल्या तंत्रज्ञाने अमुक तारखेस माझा राउटर जोडून आपला राउटर परत नेला. त्या भेटीचा आपला मेसेज आणि त्याच नंबरवर दिलेल्या रकमेचा तपशील सोबत जोडला आहे. राउटर परत मिळाल्याची नोंद करून 3,500 रुपयांची मागणी मागे घ्यावी. माझ्या राउटरसाठी पीपीपीओई व व्हीलॅनचा तपशील देऊन सेवा सुरू करावी; अन्यथा उरलेल्या काळाचे शुल्क व डिपॉझिट परत करावे. या तक्रारीचा डॉकेट नंबर कळवावा.’

उरलेल्या काळाचा हिशेब मी करून ठेवलाय. बारा महिन्यांपैकी आठ वापरले, चार उरले, म्हणजे 3,304 रुपये. डिपॉझिट धरून 4,804. मानसिक त्रासाचे लाखभर मागायचा सल्ला तुम्हाला कुणीतरी दिलेला दिसतो. वाजवी मागा, सिद्ध करता येईल तेवढंच मागा.

यातून काही झालं नाही तर कोल्हापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार. फॉर्मवर ‘फक्त मुंबईची न्यायालये’ आणि ‘वाद लवादाकडे’ असं छापलंय, त्याला भिऊ नका. ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम 34 प्रमाणे ग्राहक जिथं राहतो तिथल्या आयोगात दाद मागता येते, आणि लवादाच्या कलमामुळे ग्राहक आयोगाचं दार बंद होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं 2018 मध्ये एमार एमजीएफ प्रकरणात मान्य केलं. दूरसंचाराचे वाद आयोगासमोर चालतात का, ही जुनी हरकतही 2022 मध्ये व्होडाफोन आयडिया विरुद्ध अजयकुमार अग्रवाल या निकालानं निकालात निघाली. भरलेली रक्कम पाच लाखांच्या आत असल्यानं तुम्हाला आयोगाची फी नाही आणि वकीलही सक्तीचा नाही. मुदत दोन वर्षांची आहे. फक्त एक काळजी: करार ‘अनुचित’ म्हणून रद्द करा अशी मागणी जिल्हा आयोगात करू नका, तो अधिकार राज्य आयोगाचा आहे. सेवेतली त्रुटी आणि व्यापार प्रथा एवढ्यावरच उभे राहा. कनेक्शन तुमच्या नावावर आहे की फर्मच्या, हे पत्रात कळत नाही. तुम्ही घरून फाउंड्रीवाल्यांची ड्रॉइंगं करता म्हणून विचारतो. फर्मच्या नावावर असेल तर कंपनी ‘हा व्यावसायिक वापर आहे, तुम्ही कायद्यानं ग्राहकच नाही’ अशी हरकत घेणार. स्वतःच्या पोटापाण्यासाठी केलेला स्वयंरोजगार त्यातून सुटतो, पण ते मांडावं लागेल.

कायद्यात तक्रार तीन महिन्यांत निकाली काढा असं लिहिलंय. प्रत्यक्षात तारखांवर तारखा पडतात, आणि साडेचार हजार रुपयांसाठी माणूस दोन-दोन वर्षं कामाचा खाडा करून हेलपाटे घालतो. ज्या कायद्यानं त्याला हे दार उघडून दिलं, त्याच दारात त्याला असं ताटकळत ठेवणं मला पटत नाही, आणि कंपन्या या दिरंगाईच्याच भरवशावर असतात. म्हणून आयोगानं मध्यस्थीचं विचारलं तर हो म्हणा. उत्तर देण्यासाठी कंपनीला 30 आणि फार तर आणखी 15 दिवस मिळतात. सेहेचाळिसाव्या दिवशी मुदतवाढीचा अर्ज आला, तर लेखी हरकत घ्या.

पण हे सगळं पुढचं. आज संध्याकाळी मोबाइल घेऊन बसा, तंत्रज्ञाच्या नंबरचा तो मेसेज आणि तीनशे रुपयांचा व्यवहार दोन्ही शोधा, स्क्रीनशॉट काढून स्वतःला मेल करा, आणि मगच कंपनीला लिहा.