सिग्नलवर गजरे विकणाऱ्या मुलांना जन्मदाखल्याशिवाय शाळेत घेतात का? सिग्नल शाळा नेमकं काय करते?

घेतात, घ्यावंच लागतं. शिक्षण हक्क कायदा 2009, कलम 14: वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. दवाखान्यातली किंवा अंगणवाडीतली नोंद चालते, तीही नसेल तर आईवडिलांनी वयाबद्दल लिहून दिलेलं चालतं. कलम 4 नुसार दहा वर्षांच्या मुलाला पहिलीत नाही, वयाला साजेशा वर्गात बसवायचं आणि मागे पडलेला अभ्यास वेगळा शिकवून भरून काढायचा. मुख्याध्यापक कुरकुर करतील, तेव्हा अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या.

पण खरी अडचण दाखल्याची नसतेच. मूल दिवसभर सिग्नलवर असतं, कारण त्याच्या गजऱ्यांवर घर चालतं. घर म्हणजे तरी काय, पुलाखालची ताडपत्री. ठाण्याच्या सिग्नल शाळेने हेच ओळखलं. समर्थ भारत व्यासपीठ या संस्थेने 2016 मध्ये ठाणे महापालिकेच्या मदतीने तीन हात नाक्याच्या पुलाखाली, कंटेनरमध्ये, शाळा सुरू केली. बरीच कुटुंबं मराठवाड्यातल्या दुष्काळी भागातून आलेली, त्यात पारधी जास्त. आधी आंघोळ, मग गणवेश, खाणं आणि नंतर पाटी. आंघोळीला काय एवढं, असं वाटेल. पण रात्र धुरात काढलेल्या पोराला वर्गात बसवायचं तर सुरुवात तिथूनच करावी लागते. पुढे इथली मुलं दहावीही पास झाली.

मदत करायची असेल तर सिग्नलवर सुटे पैसे देऊ नका, त्याने पोर तिथेच अडकतं. मूल संकटात दिसलं तर 1098 या मुलांसाठीच्या हेल्पलाइनला फोन लावा.