‘घाबरू नका’ म्हटलं की धस्स होतं

साथीच्या बातम्या किती मनावर घ्यायच्या, हा प्रश्न कोविडनंतर समुपदेशनासाठी आलेल्यांकडून माझ्याकडे वेगवेगळ्या तोंडांनी येतो. कोणाची झोप उडालेली असते. कोणाचं म्हणणं, घरचे ऐकतच नाहीत. आणि कोणी ठणकावून सांगतं, एकदा फसलो, आता काहीही सांगा, विश्वास बसणार नाही. २०२५ च्या जानेवारीत हे तिन्ही सूर एकाच घरातून ऐकू आले, म्हणून त्या घराबद्दल लिहिते. नावं बदलली आहेत, ओळख पटेल असे तपशीलही. लिहायला दोघांचीही परवानगी आहे.

तो महिना नागपूरकरांना आठवत असेल. गोरेवाड्याच्या वन्यप्राणी बचाव केंद्रातले तीन वाघ आणि एक बिबट्या डिसेंबरच्या अखेरीस दगावले होते. भोपाळच्या प्रयोगशाळेचा अहवाल आला : एच५एन१, म्हणजे बर्ड फ्लू. खाऊ घातलेल्या कोंबडीतून तो आला असावा, असा संशय होता. त्याच सुमारास एचएमपीव्ही या सर्दी-खोकल्याच्या विषाणूचा गाजावाजा सुरू होता. शेगाव तालुक्यात लोकांचे केस गळू लागले, तर त्याला ‘टक्कल व्हायरस’ असं नाव देऊन मंडळी मोकळी झाली. (पुढे संशय गव्हातल्या सेलेनियमवर गेला, व्हायरस कुठच्या कुठे राहिला.) महिना सरता सरता पुण्याहून जीबीएस, म्हणजे नसांवर हल्ला करणाऱ्या आजाराची बातमी आली. सकाळी मोबाइल हातात घ्यावा आणि चहा तसाच गार व्हावा, असे दिवस होते.

मनीषनगरचं जोडपं. मीनलताई बेचाळीसच्या, घरी शिकवण्या घेतात. सुधीरभाऊ विम्याच्या कामात. सुधीरभाऊंचा धाकटा भाऊ उमरेड रोडच्या एका गावात ब्रॉयलर कोंबड्यांचं फार्म चालवतो. वाघांची बातमी आल्यापासून मीनलताईंनी घरात चिकन बंद केलं, अंडी बंद केली. गच्चीवर कबुतरं बसतात म्हणून पोराचं तिथलं क्रिकेट बंद. संक्रांतीला सासरी जायचं होतं, तर ‘फार्मवरून आलेल्या माणसांत मी बसणार नाही’ म्हणाल्या. सासूबाईंना ते लागलं. त्यातून घरात जे पेटलं, ते घेऊन दोघं माझ्याकडे आले.

सुधीरभाऊंनी खुर्चीत टेकायच्या आधीच सुरुवात केली. “दोन हजार पाचपासून ऐकून राहिलो मी हे. येणार, येणार, येणार. काही आलं नाही. सगळं सेटिंग आहे मॅडम, चॅनलवाल्यांचं अन् औषधवाल्यांचं.”

मीनलताई काही बोलल्या नाहीत. त्यांनी फोन पुढे केला. गॅलरीत ‘कोंबडी’ नावाचं वेगळं फोल्डर होतं, त्यात बातम्यांचे स्क्रीनशॉट. बहुतेकांवर वाघाचा चेहरा, त्याला लाल गोल, लाल बाण, आणि मथळ्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह. वेळा पाहिल्या तर रात्री दीड, दोन, अडीच. मी त्यातल्या तीन-चार बातम्या त्यांनाच मोठ्याने वाचायला सांगितल्या, फक्त मथळा नाही, शेवटच्या ओळीपर्यंत. जवळजवळ प्रत्येक बातमीच्या तळाशी कोणी ना कोणी अधिकारी म्हणत होता : नागरिकांनी घाबरून जाऊ नये.

“हेच,” त्या म्हणाल्या. “हे वाचलं की धस्स होतं.”

हे मी बऱ्याच जणांकडून ऐकलं आहे आणि मला त्यात काही वेडगळ वाटत नाही. ‘घाबरू नका’ यात माहिती काहीच नसते. काय झालं, कोण काय करतंय, नमुने कुठे गेले, पुढचा अहवाल कधी, यातलं काही न सांगता नुसता दिलासा दिला की ऐकणाऱ्याला वाटतं, काहीतरी झाकून ठेवलं आहे. आपल्या यंत्रणांना हे अजून उमगत नाही, याचं मला राहून राहून नवल वाटतं.

पुढच्या बैठका मी दोघांच्या वेगवेगळ्या घेतल्या. कारण भांडण वाघांवरून किंवा कोंबड्यांवरून नव्हतं, हे पहिल्याच तासात दिसत होतं.

मीनलताईंचे वडील २०२१ च्या एप्रिलमध्ये गेले. त्या वर्षी फेब्रुवारीत अमरावतीत लॉकडाउन लागला, मार्चच्या मध्यात नागपुरात. तोवर सगळे ‘दुसरी लाट-बिट काही नसते’ म्हणत होते. वडीलही म्हणायचे. मार्चच्या सुरुवातीला ते एका लग्नाला गेले, नंतर बँकेत, नंतर पेन्शनच्या कामाला. मीनलताईंनी अडवलं नाही, कारण त्यांनाही ते पटलं होतं. एप्रिलमध्ये नागपुरात बेडसाठी काय अवस्था होती, हे इथल्या माणसाला सांगायला नको. त्या दोन दवाखान्यांच्या दारातून परतल्या आणि तिसऱ्याच्या व्हरांड्यात सगळं संपलं. ‘काही होत नाही’ म्हणणाऱ्याचं ऐकलं की माणूस जातो, एवढं त्यांच्या मनात तेव्हा बसलं ते बसलंच.

सुधीरभाऊंची गोष्ट त्याच्या वर्षभर आधीची. २०२० च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये चिकनमुळे कोरोना होतो, अशी आवई उठली. राज्यभर कोंबडीचे भाव कोसळले. भावाची तयार बॅच शेडमध्ये उभी, खाद्याचा खर्च रोज चालू, आणि उचलायला व्यापारी येईना. शेवटी पडेल भावात काढली. काही पक्षी गावात फुकट वाटले. ते कर्ज फेडायला सुधीरभाऊंनी हातभार लावला होता. “कोंबडीतून कोरोना झाला का कोणाले? एकाले तरी?” त्यांनी मला विचारलं. नाहीच झाला. भावाचं घर ज्या भीतीत बुडालं ती खोटी होती, आणि ती पसरवणाऱ्यांपैकी कोणीही नंतर येऊन ‘चुकलो’ म्हणालं नाही.

एकाच घरातली दोन माणसं, जेमतेम वर्षभराचं अंतर, आणि शिकलेले धडे एकमेकांच्या तोंडावर मारलेले. दोन्ही धडे खऱ्या अनुभवातून आलेले. अशा वेळी ‘तुम्ही फार घाबरता’ किंवा ‘तुम्ही फार बेफिकीर आहात’ असं म्हणणं म्हणजे त्यांच्या नुकसानीलाच नाकारणं. ते मी केलं नाही.

सुधीरभाऊंच्या ‘येणार, येणार’लाही आधार आहे, हे मी मान्य केलं. २००५ च्या सप्टेंबरमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या डेव्हिड नाबारो यांनी सांगितलं होतं, की बर्ड फ्लूची जागतिक साथ आली तर ५० लाख ते १५ कोटी माणसं दगावू शकतात. दुसऱ्याच दिवशी जागतिक आरोग्य संघटनेने हात आखडता घेत २० लाख ते ७४ लाखांच्या आसपासचा अंदाज पुढे केला. पण छापून काय आलं? १५ कोटी. पुढच्याच वर्षी, २००६ च्या फेब्रुवारीत, नवापूरला देशातला पहिला बर्ड फ्लू सापडला, लाखो कोंबड्या मारून पुरल्या, तिथला धंदा बसला. माणसांत मात्र तेव्हा एकही लागण सिद्ध झाली नाही. ज्याच्या घरात कोंबडीवर चूल पेटते त्याने यातून काय धडा घ्यावा? सुधीरभाऊंनी घेतला तोच.

पण दुसरी बाजूही मी त्यांच्यापासून लपवली नाही. २००३ पासून जगभरात साडेनऊशेहून जास्त माणसांना एच५एन१ झाल्याची नोंद आहे आणि त्यातली निम्मी माणसं दगावली. २०२१ च्या जुलैमध्ये दिल्लीच्या एम्समध्ये हरियाणाचा अकरा वर्षांचा मुलगा गेला. हेच मीनलताईंना त्यांच्या बैठकीत सांगितलं. ‘निम्मी’ ऐकून त्या पांढऱ्या पडल्या, तेव्हा त्यातली मेख सांगितली : नोंद मुख्यतः त्यांचीच होते जे दवाखान्यात पोचण्याइतके आजारी पडतात. ज्याला नुसता ताप येऊन गेला, तो मोजलाच जात नाही. अमेरिकेत २०२४ पासून दुभत्या गायींत हा विषाणू शिरला. तिथे गोठ्यांवर काम करणाऱ्यांची तपासणी झाली, तेव्हा बहुतेकांचे डोळे लाल होण्यापलीकडे फारसं काही झालेलं नव्हतं. आणि हा विषाणू पक्ष्यांकडून माणसात येतो ते मुख्यतः हाताळणाऱ्यांत. त्याला चिकटायला जी जागा लागते ती माणसाच्या नाकाघशात फारशी नाही, फुफ्फुसात खोलवर आहे. म्हणून माणसाकडून माणसाकडे त्याची साखळी लागलेली नाही.

माहिती देऊन भीती जाते, असं मात्र कोणी समजू नये. मीनलताईंना हे सगळं कळलं, आणि त्या रात्री पुन्हा अडीच वाजता फोन उघडलाच.

मग एक दिवस दोघांना एकत्र बसवलं. गोरेवाड्याच्या घटनेनंतर आलेल्या सूचनांची एक बातमी छापून आणली होती, ती टेबलावर ठेवली आणि प्रत्येक वाक्यापुढे पेनाने लिहायला सांगितलं, की हे कोणाला सांगितलं आहे. इशारा म्हणजे पत्रच. त्यावर पत्ता असतो, आणि माध्यमं तो पत्ता खोडून एकच पत्र सगळ्यांच्या दारात टाकतात. दोघं शाळेतल्या मुलांसारखी ओळीओळीने खाली उतरू लागली. प्राणिसंग्रहालयांना इतकं. पशुसंवर्धन विभागाला इतकं. दवाखान्यांना एक ओळ. सर्वसामान्यांसाठी दोनच गोष्टी निघाल्या : मेलेल्या पक्ष्याला हात लावू नका, कळवा, आणि चिकन-अंडी नीट शिजवून खा. सत्तर अंश तापमानाला हा विषाणू टिकत नाही. “सावजी रश्श्यात तर त्याचा बापही वाचणार नाही,” सुधीरभाऊ म्हणाले. त्या दिवशी मीनलताई पहिल्यांदा हसल्या.

उरलेली ओळ न् ओळ पोल्ट्रीवाल्यांसाठी होती. शेडला जाळी लावा, कावळे-पाखरं आत येऊ देऊ नका. शेडची चप्पल वेगळी, दाराशी जंतुनाशकाचं पाणी. बाहेरची माणसं आत नकोत. मरतूक वाढली तर लगेच पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा. मेलेले पक्षी उघड्यावर फेकू नका.

सुधीरभाऊ वाचता वाचता थांबले. गेल्या महिन्यात भावाच्या शेडमध्ये रोजच्यापेक्षा जरा जास्त मरतूक झाली होती. थंडीची असेल, नाहीतर राणीखेत हा कोंबड्यांचा रोग असेल, म्हणून सोडून दिलं. पोरं उघड्या हाताने मेलेल्या कोंबड्या गोळा करत होती. जिच्यासाठी पत्रात दोन ओळी होत्या ती रात्रभर जागत होती, आणि ज्या घराला जवळजवळ सगळं पत्र लिहिलेलं होतं त्या घरात ते ‘सेटिंग’ म्हणून बाजूला पडलं होतं. हे मी बोलून दाखवलं नाही. गरज नव्हती. त्यांनी बाहेरच्या खोलीत जाऊन भावाला फोन लावला.

भाऊ लगेच तयार झाला नाही, आणि त्याचंही मला समजतं. बर्ड फ्लू निघाला तर एक किलोमीटरच्या परिघातल्या कोंबड्या नष्ट करतात, दहा किलोमीटरवर नजर ठेवतात. गाव तुमच्याकडे बोट दाखवतं. २०२४ च्या मार्चमध्ये नागपुरातल्या सरकारी अंडी उबवणी केंद्रात तो निघाला तेव्हा तिथल्या हजारो कोंबड्या गेल्या, आणि ते तर सरकारचंच केंद्र होतं. खासगी माणसाने कळवायचं म्हणजे छातीवर दगड ठेवूनच. पण सरकार भरपाई देतं ती मारलेल्या पक्ष्यांची. लपवून ठेवलेल्या शेडमध्ये आपोआप मेलेल्यांची नाही. सुधीरभाऊंनी विमावाल्याच्या भाषेत भावाला हा हिशेब घालून दिला. पशुवैद्यक आले, नमुने घेतले, बर्ड फ्लू निघाला नाही. जाताना जाळी आणि चपलांबद्दल भावाला चांगलंच सुनावून गेले.

माझ्या दृष्टीने महत्त्वाचं हे, की अहवाल यायच्या आधीच मीनलताईंची झोप सुधारली. नमुने घेतले, एवढं कळल्यावरच. झोपायच्या आधी फोन स्वयंपाकघरात ठेवायचा, बातमी दिवसातून एकदाच आणि नवऱ्याबरोबर वाचायची, असं बरंच काही आम्ही ठरवलं होतं, आणि त्याचाही उपयोग झाला. पण कोणीतरी जागा आहे आणि हातपाय हलवतंय, हे दिसण्याचा जो परिणाम झाला तो माझ्या कुठल्याही उपायाचा झाला नाही. २०२१ मध्ये त्यांना नेमकं तेच दिसलं नव्हतं.

सुधीरभाऊंचा एक प्रश्न उरला होता, आणि तो रास्त होता : “मग खरंच येईल तेव्हा कसं ओळखायचं?” मी सांगितलं, पत्ता बदलेल तेव्हा. कधी पक्ष्याला हात न लावलेली माणसं एकामागोमाग आजारी पडू लागली, एकाच घरात, एकाच वॉर्डात, नर्सेस, डॉक्टर, आणि आरोग्य विभागाने ‘माणसाकडून माणसाकडे’ हे शब्द वापरले, की ते पत्र तुम्हा-आम्हाला आहे. तेव्हा ‘सेटिंग’ म्हणायचं नाही. त्यांनी मान डोलावली, पण चॅनलवाल्यांबद्दलचं मत बदललं नाही. मीही त्याचा आग्रह धरला नाही.

चिकन घरात पुन्हा सुरू झालं. अंडी मीनलताई अजून साबणाच्या पाण्याने धुतात. ती सवय हळूहळू सुटेल. सासूबाईंचा रुसवा मात्र पार होळीपर्यंत टिकला. आमच्या बैठका अजून चालू आहेत, पण त्यात कोंबडीचं नाव निघत नाही. विषय आहे वडिलांना त्या लग्नाला जाऊ दिल्याचा, आणि त्याला बराच वेळ लागणार आहे.