साहेबांना अवघड प्रश्न विचारायची हिंमत कुठून आणायची?

तुम्ही लिहिलंय की नोकरीला दीड वर्ष झालं, दर सोमवारच्या रिव्ह्यूमध्ये दाखवलेले आकडे प्रत्यक्ष कामाशी जुळत नाहीत हे तुम्हाला दिसतं, पण मॅनेजरसमोर तोंड उघडत नाही.

मी भोसरीतल्या एका मशिनिंगच्या कारखान्यात क्वालिटीला बारा वर्षं काढली. स्वभावाने भित्रा आहे. आजही साहेबांच्या केबिनकडे जाताना आधी कूलरवर पाणी पिऊन घेतो. तेव्हा हिमतीबद्दल मी काय बोलणार? एकदा गप्प बसलो त्याचं काय झालं आणि पुढच्या वेळी कसं विचारलं, तेवढं सांगतो.

आमच्याकडे शाफ्ट, म्हणजे यंत्रात फिरणारे पोलादी दांडे, बनायचे. लेथवरचं टर्निंग आमच्याकडे, मग इंडक्शन हार्डनिंगला, म्हणजे विजेने तापवून पृष्ठभाग कडक करायला, बाहेर जॉबवर्कला, परत आल्यावर ग्राइंडिंग, म्हणजे घासून शेवटच्या मापात आणणं. ड्रॉइंगवर हार्डनेस ५८ ते ६२ एचआरसी. एचआरसी हे कडकपणाचं माप, आकडा जास्त तेवढा नग कडक. हार्डनिंगवाल्याकडून प्रत्येक लॉटबरोबर रिपोर्ट यायचा: पाच नगांचे पाच आकडे, खाली सही-शिक्का. साहेब त्यावर ओके करायचे, मी फाईलला लावायचो. नोकरीचं दुसरंच वर्ष. एका संध्याकाळी फाईल चाळताना दिसलं, लागोपाठ तीन लॉटचे आकडे तेच. ५९, ६०, ५९, ६१, ५९. क्रमसुद्धा तोच, तारीख तेवढी वेगळी. आणि तिन्हींवर आमच्या साहेबांची सही.

मी फाईल मिटून रॅकमध्ये ठेवली. मनात म्हटलं, वीस वर्षं काढलेल्या माणसाला हे दिसलं नसेल का? दिसूनही सही केली असेल तर त्यांचं काहीतरी कारण असणार, आपण कशाला मध्ये पडा. फार सोयीचा विचार आहे हा. शांत झोप लागते.

महिनाभराने कस्टमरचा फोन आला, शाफ्ट मऊ निघतायत. मग आम्ही चौघं पाच दिवस त्यांच्या गोडाऊनमध्ये एकेक नग तपासत उभे. साहेबही बरोबर. तिसऱ्या दिवशी चहा घेताना ते म्हणाले, "अरे, रिपोर्ट तर सगळे ओके होते." मी कपात बघत राहिलो. त्यांना खरंच माहीत नव्हतं! दिवसाला तीस-चाळीस कागद पुढ्यात यायचे, ते सह्या मारत सुटायचे. मी ज्याला लपवाछपवी समजून घाबरलो होतो, ती निव्वळ घाई होती. तुमच्या सोमवारच्या आकड्यांचंही तसंच असेल असं मी म्हणत नाही, पण आधी ती शक्यता धरून चाला. समोरचा चोर आहे असं मनाशी ठरवून गेलं की आवाज बदलतो, आणि तो आवाज साहेबांना बरोबर ऐकू जातो.

ग्राइंडिंगला एक जुने कामगार होते, सगळे त्यांना मामा म्हणायचे. त्या प्रकारानंतर त्यांनी मला एक जुनी कानस दिली. हार्डनिंग नीट झालेल्या जागी कानस घसरते, काचेवरून फिरवल्यासारखी. मऊ असेल तर चावते आणि रेघ उमटते. आकडा कळत नाही, पण शंकेत दम आहे की नाही ते अर्ध्या मिनिटात कळतं. ग्राइंडिंगच्या आधीच बघायचं मात्र, नंतर फिरवली तर चांगला नग भंगारात.

सात-आठ महिन्यांनी पुन्हा वेळ आली. लॉट दुपारी आला, रात्रपाळीत ग्राइंडिंग करून सकाळी गाडी भरायची होती. मी चार नगांवर कानस फिरवली, दोनांवर चावली. ते दोन कडकपणा मोजायच्या रॉकवेल टेस्टरवर लावले तर ५१ आणि ५२. रिपोर्टवर अर्थातच ५९, ६०. दोन्ही शाफ्ट कॉटन वेस्टमध्ये गुंडाळले, कानस खिशात घातली आणि केबिनमध्ये गेलो. घरून पाठ केलेलं भाषण वगैरे काही नव्हतं. "सर, हे दोन नग मला मऊ लागतायत. माझं काही चुकतंय का, एकदा बघता?"

साहेबांनी माझ्या हातातून कानस घेतली आणि स्वतः फिरवली. रेघ उमटली. दुसऱ्या नगावर फिरवली. मग रिपोर्ट मागितला. पाच मिनिटं ते काहीच बोलले नाहीत, मी उभाच. शेवटी म्हणाले, "रात्रीचं ग्राइंडिंग थांबव."

शाबासकी मिळाली नाही. डिलिव्हरी चुकली, साहेबांनी वरून बोलणी खाल्ली आणि आठवडाभर माझ्याशी कामापुरतंच बोलले. पण पुढच्या लॉटपासून आवकेलाच पाच नग आपण तपासायचे, असं त्यांनीच बोर्डावर लिहून लावलं.

विचारलं की ऐकतातच, असं मात्र नाही. अमेरिकेच्या चॅलेंजर अवकाशयानाचं उदाहरण क्वालिटीच्या ट्रेनिंगमध्ये नेहमी देतात. रॉजर बोइजोली या इंजिनिअरने जुलै १९८५ मध्येच, यानाची रॉकेट बनवणाऱ्या आपल्या कंपनीत लेखी कळवलं होतं की रॉकेटच्या जोडातली रबरी रिंग दगा देऊ शकते. २७ जानेवारी १९८६ च्या रात्री फोनवरच्या मीटिंगमध्ये त्याने आणि सहकाऱ्यांनी सांगितलं, ५३ फॅरेनहाइटच्या, म्हणजे साधारण १२ सेल्सियसच्या खाली उडवू नका. कंपनीच्या वरिष्ठांनी बाजूला बसून निर्णय फिरवला. दुसऱ्या दिवशी उड्डाणानंतर ७३ सेकंदांत यान फुटलं, सातही जण गेले. त्या रात्री इंजिनिअरांकडे 'धोका आहे हे सिद्ध करा' असा उलटा हट्ट धरला गेला. उडवणं सुरक्षित आहे हे दुसऱ्या बाजूने सिद्ध करायला हवं होतं. बोइजोलीचे कागद पुढे चौकशी आयोगासमोर कामी आले, पण साक्षीनंतर कंपनीने त्याला बाजूला टाकलं, हेही खरं.

म्हणून कोणी "चूक आहे हे दाखव बघू" म्हणालं तर तिथेच हुज्जत घालू नका. "ठीक आहे सर, दोन ओळींचा मेल टाकतो" म्हणा आणि त्याच दिवशी टाका. तिखटमीठ न लावता, फक्त आकडा आणि तारीख.

तुमच्यासाठी एवढंच. सगळे आकडे धरू नका, एकच धरा. तो कुठल्या शीटमधून येतो ते स्वतः शोधा, प्रिंट काढा, दोन्ही आकड्यांना पेनने गोल करा. मीटिंगमध्ये चारचौघांत अजिबात नको, तिथे साहेबांना उत्तर द्यावंच लागतं आणि मग ते तुमच्यावर उलटतं. शुक्रवारी चारनंतर एकटे असताना जा आणि कागद पुढे ठेवून विचारा, "सर, हे दोन जुळत नाहीयेत, मी काही चुकीचं वाचतोय का?" उत्तर "अरे हो, बघतो" आलं तर घाई होती. "तुला काय करायचंय" आलं तर मामला वेगळा आहे. मग पुढचा प्रश्न विचारण्याआधी घराचा हप्ता, हातातली शिल्लक आणि बायोडेटा, तिन्ही तपासून घ्या. मीही तसंच केलं होतं, म्हणूनच आता दुसरीकडे आहे.